फ्रेमच्या आत दडलेलं गाव

अमेरिकेत पिस्कॅटवेला आमच्या शेजारी एक निवृत्त प्लंबर राहायचे. वय ऐंशीच्या घरात, बायको गेलेली, आणि आवाज असा की त्यांचं फोनवरचं बोलणं आमच्या किचनमध्ये ऐकू यायचं. आम्ही त्यांना आजोबाच म्हणायचो. त्यांचे आजी-आजोबा इटलीहून आलेले. हातपाय चालताहेत तोवर त्या दोघांच्या जन्मगावी जाऊन तिथल्या चर्चमध्ये मेणबत्ती लावायची, हा एकच ध्यास त्यांनी घेतला होता. अडचण एवढीच, की गावाचं नाव माहीत नव्हतं.

"तू कॉम्प्युटरवाली ना? मग शोध," त्यांनी फर्मावलं. २००४ साली भारतीय म्हणजे इंटरनेटचा मालक, असा लोकांचा समज होता. मी बँकेचं सॉफ्टवेअर लिहायचे, पण नाही म्हणवेना. चार-पाच शनिवार जुन्या बोटींच्या प्रवासी याद्या धुंडाळल्या आणि आजोबांचे आजोबा सापडले. नावापुढे लिहिलं होतं, नेपल्स. मी ऐटीत प्रिंटआउट नेऊन दिला. त्यांनी त्याच आठवड्यात नेपल्सचं तिकीट काढलं.

तेवढ्यात माझी आई सहा महिन्यांसाठी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून आली. एका दुपारी आजोबा आमच्या घरामागच्या लाकडी डेकवर चहा पीत बसले होते. आई म्हणाली, "यांचं कुलदैवत कोणतं, विचार."

"आई, यांच्यात कुलदैवत नसतं."

"तू विचार तर!"

लाजत विचारलं. आजोबा उठले आणि घरून त्यांच्या आजीनं इटलीहून आणलेली तसबीर घेऊन आले. हातात काठी घेतलेला संत, पायाशी कुत्रा. कुत्रा पाहताच आईनं हात जोडले. "अगं, हा तर खंडोबा!" एवढं वाक्य मी भाषांतरातून गाळलं.

मग तिनं तसबीर उलटी केली. "जत्रेतल्या फोटोखाली गावाचं नाव छापलेलं असतं. हे मेले फ्रेमवाले ते आत दाबून टाकतात. खिळे काढा."

आजोबांनी पक्कड आणली. खालची कड मोकळी झाली आणि संताच्या नावाशेजारी एका गावाचं नाव निघालं. नकाशात पाहिलं तर ते पार दुसऱ्या टोकाला, डोंगरात. माझे सगळे शनिवार पाण्यात गेले होते.

आजोबांचा चेहरा उतरला. "माझे आजोबा बोटीवर नेपल्स सांगून आले. खोटं बोलले?" मला फार वाईट वाटलं. विषय बदलायला त्यांनी विचारलं, "तुझी आई भारतात कुठली?"

"निअर बॉम्बे," मी सवयीनं म्हणाले.

आईला तेवढं इंग्रजी बरोबर कळलं. "जवळ? काहून खोटं बोलतेस? मुंबई मी जन्मात एकदाच पाहिली, ती या विमानात बसायला!"

हेही मी भाषांतरातून गाळणार होते. माझ्या आठ वर्षांच्या लेकीनं मात्र, कोणी न सांगता, त्याचं शब्दन् शब्द इंग्रजी करून टाकलं.

आजोबा आईकडे बघून इतके हसले, की चहा शर्टावर सांडला. "माझ्या आजोबांनीही नेपल्स तसंच पाहिलं असणार," डोळे पुसत ते म्हणाले आणि तिकीट बदलायला घरी गेले.

लेक तिथंच उभी होती. "मॉम, देन व्हॉट्स अवर व्हिलेज कॉल्ड?"

आई माझ्याकडे बघत होती. आठ वर्षांत मी ते नाव लेकीला एकदाही सांगितलं नव्हतं.