थंड चार्जर

घरोघरी मोबाइल येऊ लागले होते तेव्हाची गोष्ट. शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी चार्जर तपासायची. परदेशी गिऱ्हाइकाची अट होती, फोन काढून घेतल्यावर नुसत्या खोचून ठेवलेल्या चार्जरनं वीज जवळजवळ खायचीच नाही. त्या एका अटीनं आमच्या डोक्याचा पार भुगा केला. महिनोन् महिने झटून शेवटी जमलं, आणि मी एक नमुना ऐटीत घरी नेला.

घर इचलकरंजीत. बाबा यंत्रमागाच्या शेडमध्ये फिटर. मोटरीला तळहात लावून तिची तब्येत सांगायचे. कोमट म्हणजे चालू, गार म्हणजे गेली. माझा चार्जर त्यांनी दिवसभर खोचून ठेवला, संध्याकाळी हात लावला आणि तोंड पाडलं.

"मेलंय की गं हे."

"बाबा, गार राहावा म्हणूनच तर एवढी उरस्फोड केली."

"आपला जुना बघ, कसा गरम ऱ्हातोय. जित्ता हाय त्यो."

गरम होतो ती वाया गेलेली वीज, हे सांगून सांगून माझा घसा बसला. बाबा ऐकतील तर शपथ. मी चिडून जेवलेच नाही.

चार दिवसांनी गिऱ्हाइकाचा पुण्याचा माणूस तपासणीला आला. माल नापास झाला तर माझी नोकरी जाणार, हे घरीही ठाऊक होतं. तो मीटर लावून वाकलेला, आणि दारात बाबा! इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी. सरळ मालकांपुढं गेले आणि हात जोडले.

"मालक, पोरीच्या हातनं माल गार निघालाय. येवढी चूक पदरात घ्या, पर तिला काढू नका."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पुण्याचा माणूस मान वर करून हसला. "काका, गार आहे म्हणूनच तर पास केलाय."

बाबांनी चार्जर पुन्हा चाचपला. मग मालकांनी मागवलेला चहा दोनदा घेतला.

घरी मी आईपाशी तणतणले, चारचौघांत माझी शोभा केली म्हणून. आई भाकरी थापायची थांबली.

"हात जोडलं? खरंच?"

"मग काय."

"संपात शेडमधनं काढलं तवा सा महिने घरात बसला तुझा बाप. मालकाकडं जा म्हणून मी पाया पडलो, तरी गेला न्हाई."