म्होरक्याची घंटी

मी बीडच्या एका कचेरीत टायपिंग करते. मला दिसत नाही. कॉम्प्युटर एकेक अक्षर बोलून दाखवतो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार होती ती व्हरांड्याची. माणसं वाटेतच गप्पा ठोकत उभी राहायची, माझी पांढरी काठी त्यांच्या पायांत अडकायची आणि वर तीच माणसं मला विचारायची, "ताई, एकट्या कावून फिरता?"

हे कळल्यावर मेंढरं राखणारे माझे वडील, अप्पा, गावाकडून आले आणि माझ्या काठीला त्यांनी घंटी बांधली. मी तडकले. "मी काय मेंढरू हाय का, अप्पा?"

"मेंढरांना कोण बांधतंय? कळपात एकालाच बांधतेत, म्होरक्याला. त्यो कुठं चाललाय ते बाकीच्यांना कळावं म्हणून."

आता घंटी वाजली की व्हरांडा मोकळा होतो.

परवा फोनवर आई सहज बोलून गेली. अप्पांनी म्होरक्यासाठी बाजारातून नवी घंटी आणली, पण मेंढरं तिच्या आवाजामागं जातच नाहीत. जन्मभर कळपाच्या मागून चाललेले अप्पा हल्ली दिवसभर पुढं चालतात, हाळ्या देत.