रुखवतातलं लोखंड

आमच्या घरमालकीण अक्का यांच्याइतका हत्यारांवर जीव लावणारा माणूस उभ्या खानदेशात झालेला नाही. हे विधान मी पूर्ण विचार करून करतो आहे आणि कुणी कितीही समजूत घातली तरी मागे घेणार नाही. हत्यारं म्हणजे ढाल-तलवार नव्हे. रंधा, पटाशी, करवत, गिरमिट, कानस, पक्कड, म्हणजे सुतार-लोहाराच्या पेटीतली हत्यारं. अक्का जळगावच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रा करतात, पापड लाटतात, नाहीतर सुनेच्या चुका काढतात. अक्कांना सून नव्हती आणि पापडांचा तिटकारा होता. निरोपाचा हार सुकायच्या आत त्या हार्डवेअरच्या दुकानात गेल्या आणि रंधा मागितला. दुकानदारानं त्यांच्या पांढऱ्या पातळाकडे बघत विचारलं, "मिस्त्री बाहेर थांबलेत का?" अक्का म्हणाल्या, "तुमच्यासमोर उभे आहेत. रंधा दाखवा."

ऐंशीच्या दशकात मी त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला गेलो. पाटबंधारे खात्यात नुकताच चिकटलो होतो आणि नोकरी अजून कायम झाली नव्हती. दुसऱ्याच दिवशी सकाळी अक्का दारात उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "डिसमिस झालं का तुमचं?" माझ्या हातातला कप निसटला. साहेबांनी काढून टाकलं आणि ते माझ्याआधी घरमालकिणीला कळलं, असंच मला वाटलं. मी चाचरत म्हणालो, "कुणी सांगितलं तुम्हाला?" त्या वैतागल्या. "सांगायचं काय त्यात? काल बिजागरी बसवायला नेलंत ना? झालं असेल तर परत द्या माझं डिसमिस." आमच्याकडे स्क्रू पिळायच्या हत्याराला डिसमिस म्हणतात हे मला माहीत होतं, पण सरकारी नोकराला तो शब्द सकाळी सकाळी ऐकवू नये.

दर रविवारी अक्कांच्या ओट्यावर बैठक बसे. तिला त्या 'दर्शन' म्हणत. बैठकीला दोन माणसं नेमानं येत. एक धुळ्याकडचे नाना. हे एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, ठार अहिराणी बोलणारे, आणि पान्यांचे वेडे. दुसरे रावेरकडचे एक केळीवाले भाऊ. त्यांच्या बागेत केळी होती, खिशात धार लावायचा दगड होता आणि डोक्यात फक्त करवती होत्या. आठवड्यात ज्यानं नवं काही विकत घेतलं असेल त्यानं ते फडक्यात गुंडाळून आणायचं, मध्ये ठेवायचं आणि फडकं सावकाश उलगडायचं. भाव विचारायचा नाही, हा अक्कांचा कडक नियम. "लेकरू बघायला आल्यावर दवाखान्याचं बिल विचारता का?" नाना पाना उलगडत तेव्हा त्यांचा आवाज कापायचा. "अक्का, देखा! भुसावळना भंगारमा भेटना. बठ्ठा सोनाना तुकडा शे!" पाना अर्थात लोखंडाचा, गंजलेला आणि मनगटाएवढा जाड असायचा. मग तो हातोहात फिरायचा. भाऊ त्याचा वास घ्यायचे, अक्का कानाजवळ नेऊन नखानं वाजवायच्या आणि "आवाज चांगला आहे" असा निकाल द्यायच्या. भाऊंनी करवत आणली की ते पात्यावरून अंगठा फिरवत म्हणायचे, "याची धार पहा बाप्पा, मले तं हात लावायचं बी भेव वाटतं." असं म्हणून ते अंगठा फिरवतच राहायचे. मी आपला चहा पीत बसायचो. वर्तमानपत्र उघडलं तर तिघंही माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे, की जणू मी कीर्तनात पत्ते काढलेत.

खरेदीची वेळ आणि जागा यांचा अक्कांनी कधी विधिनिषेध बाळगला नाही. पहूरला नात्यातले एक म्हातारे वारले, म्हणून सांत्वनाला गेल्या आणि येताना शिकंजा घेऊन आल्या. लाकूड किंवा लोखंड जबड्यात धरून ठेवणारा ओतीव लोखंडाचा तो अवजड शिकंजा त्यांनी बसमध्ये मांडीवर घेतला. मीही त्या बसमध्ये होतो. कंडक्टर म्हणाला, "बाई, याचं लगेज लागेल." अक्का म्हणाल्या, "मांडीवर मूल घेतलं तर लगेज लावता का?"

"हे मूल नाही. लोखंड आहे."

"म्हणूनच रडत नाही. तुमचं भलं मानून घ्या."

कंडक्टरनं घंटी मारली, बस थांबवली आणि सांगितलं, की लगेजचं तिकीट काढल्याशिवाय गाडी हलणार नाही. अक्का म्हणाल्या, "नका हलवू. मी निवृत्त आहे." गाडीतल्या कापूस घेऊन निघालेल्या मंडळींना घाई होती. त्यांनी आधी अक्कांना समजावलं, मग कंडक्टरला दम भरला आणि शेवटी आपसांत वर्गणी काढायला निघाली. तेव्हा मात्र अक्कांनी स्वतःच लगेजचं तिकीट काढलं. "त्याच्या धमकीनं नाही दिले," त्या मला उतरताना म्हणाल्या. "लोकांनी माझ्या वस्तूचे पैसे भरलेले मला चालत नाहीत."

एवढी हत्यारं ज्या घरात होती, त्या घरातलं सामान कसं असेल अशी कल्पना तुम्ही करत असाल, तर ती सोडून द्या. अक्कांनी मला एक स्टूल करून दिलं होतं. त्याला पाय चार होते, पण जमिनीला एका वेळी तीनच टेकत. मी धीर करून म्हणालो, "अक्का, स्टूल जरा हलतंय."

"स्टूल नाही हलत. तुमची फरशी वाकडी आहे."

"फरशी तुमचीच आहे, अक्का."

"म्हणून तर सांगतेय. मला माहितीये ना ती कशी बसवलीय!"

एकदा मी त्यांना विचारलंच, की हा नाद लागला कसा. त्या पटाशीला धार लावत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "ऑपरेशनच्या टेबलाशी जन्म गेला माझा. कात्री द्या, चिमटा द्या, सुई द्या. दिली. हत्यार नेहमी माझ्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेलं. आता म्हटलं, एखादं माझ्या हातात थांबू दे."

अक्कांना एकुलती एक मुलगी. तिला सगळे बेबी म्हणत. बेबी शाळेत शिक्षिका होती, नीटनेटकी होती आणि आईच्या हत्यारांची तिला मनापासून लाज वाटायची. मैत्रिणी घरी यायच्या असल्या की ती ओट्यावरचा शिकंजा चादरीनं झाकून ठेवायची. त्यामुळे तो कुणीतरी आजारी माणूस बसल्यासारखा दिसायचा. नव्वदच्या सुमारास बेबीचं लग्न ठरलं. मुलगा दोंडाईच्याचा, सरकारी खात्यात इंजिनिअर. त्याचे वडील निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. ताठ कण्याचे, कडक इस्त्रीचे गृहस्थ. लग्न बौद्ध पद्धतीनं, साधं करायचं ठरलं. हुंडा नाही, मानपान नाही. फक्त रुखवत अक्का मांडणार होत्या, आणि 'रुखवताचं माझ्यावर सोडा' असं त्या ज्या तऱ्हेनं म्हणाल्या, त्यावरूनच मला काळजी वाटायला लागली होती.

लग्नाच्या दिवशी मांडवात टेबल लागलं. क्रोशाचे रुमाल, मण्यांचा मोर, शंकरपाळ्यांचा डोंगर, सगळं रीतसर. आणि मधोमध सागवानी पेटी, झाकण उघडं. पेटी अक्कांनी स्वतः केली होती, हे ती बघताच कळत होतं. आत नव्या हिरव्या मखमलीवर हत्यारं मांडली होती. नानांनी त्यांचा सगळ्यात लाडका पाना दिला होता. भाऊंनी कुणाला हात लावू न दिलेली छोटी करवत दिली होती. अक्कांनी स्वतःची पहिली पटाशी, हातोडी आणि गिरमिट ठेवलं होतं. आमच्याकडच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. नवरदेव मात्र सारखा वाकून गिरमिटाकडे बघत होता.

गुरुजी आले. त्यांनी मोर बघितला, मान हलवली. शंकरपाळे बघितले, मान हलवली. पेटीपाशी त्यांची मान थांबली.

"विहीणबाई, हे काय आहे?"

"पेटी आहे."

"ते दिसतंय. रुखवतात का आहे?"

"रुखवतात मुलीचं सामान मांडतात, म्हणून."

गुरुजींनी आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. "माझे वडील रस्त्यावर खडी फोडायचे. त्यांच्या हातातला हातोडा आमच्या घरातून जावा म्हणून मी शिकलो. मुलाला इंजिनिअर केलं. माझी सगळी भावकी आज इथं बघायला आली आहे, आणि तिच्यासमोर तुम्ही पुन्हा हातोडाच मांडलात? ही पेटी आत न्या. नाहीतर..."

'नाहीतर'च्या पुढे ते बोलले नाहीत, पण मांडवातला बँडवाला वाजवायचा थांबला. खरं सांगायचं तर मला गुरुजींचं बोलणं चुकीचं वाटलं नाही. मी अक्कांजवळ जाऊन हळूच म्हणालो, "नेऊ का आत? मागाहून पाठवता येईल." नानाही पुटपुटले, "जाऊ द्या ना, अक्का. पोरनं लगीन शे."

अक्का जागच्या हलल्या नाहीत. "माझे वडील कुदळ चालवायचे, गुरुजी. एरंडोलकडे, दुसऱ्याच्या शेतात. दिवस मावळला की ती धुवायची, पुसायची आणि मालकाच्या ओट्याखाली ठेवून घरी यायचं. ओट्यावर नाही, खाली. ज्या कुदळीनं त्यांचे तळहात सोलले, ती एक दिवस आमच्या घरात राहिली नाही. तुमच्या वडिलांचा हातोडा त्यांचा होता?"

गुरुजींची नजर पेटीतल्या हातोडीवर गेली.

"मुकादमाचा असणार," अक्का म्हणाल्या. "ही हत्यारं माझ्या मुलीची आहेत. कुणाच्या ओट्याखाली जाणार नाहीत. आणि आतही जाणार नाहीत."

आता मागे कोण सरणार, हे कुणालाच कळेना. गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "अरे, पोरीला तरी विचारा." बेबीला ह्या लोखंडाची किती लाज वाटते हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि अक्कांनी पेटीबद्दल तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं. अक्कांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला.

बेबी पांढऱ्या साडीत, डोक्यावरची फुलं सावरत बाहेर आली. पेटीत बघितलं, आईकडे बघितलं. मग गुरुजींना म्हणाली, "बाबा, मला ह्यातलं एकही हत्यार चालवता येत नाही. शिकेन की नाही, तेही सांगत नाही. पण आईनं उघडी ठेवलेली पेटी झाकून मी तुमच्या घरी येणार नाही."

हा अक्कांचाच आवाज होता, फक्त वय कमी होतं. अक्का मुलीकडे अशा बघत राहिल्या, जणू ती त्यांनी आजच पाहिली. गुरुजींनी डोक्यावरची टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. "वेळ होतेय," ते म्हणाले. "वंदनेला बसा." पेटी होती तशी उघडी राहिली. झाकण तसंही नीट बसत नव्हतंच. त्या दिवशी गुरुजी नुसत्या वरण-भातावर उठले. गोडाला त्यांनी हात लावला नाही. पण निघताना टेम्पोत पेटी चढवली, तेव्हा तिच्या एका बाजूला नवरदेव होता आणि दुसऱ्या बाजूला, कुणाशीही न बोलता, गुरुजी.

पुढे माझी धुळ्याला बदली झाली. नाना गेले. अक्का म्हातारपणी लेकीकडे दोंडाईच्याला राहायला गेल्या. तिथे त्यांचं आणि गुरुजींचं दिवसभर वाजे आणि संध्याकाळचा चहा दोघं एकमेकांसाठी थांबून घेत, असं बेबीच सांगायची. आता दोघंही नाहीत. एवढं भांडण मी त्यांचं ऐकलं, तरी अक्का म्हटलं की मला आठवतो तो लग्नानंतरचा पहिला रविवार.

त्या दिवशी नाना आले, भाऊ आले. दोघांच्याही हातात फडकं नव्हतं. अक्कांनी विचारलं, "आज काय आणलं?" नाना खाली बघत म्हणाले, "काहीच नही, अक्का. आसाच उनू." भाऊही असेच आले होते. त्यांनी केळी ओट्यावर ठेवली आणि ते भिंतीला टेकून बसले. मी चहा केला.

मग अक्का म्हणाल्या, "बेबी रविवारी उशिरापर्यंत झोपायची. मी सकाळी ठोकायला लागले की आतून ओरडायची, 'आई, बंद कर गं ते!' मी मुद्दाम आणखी ठोकायचे." त्या थोडं हसल्या. "आज केव्हापासून ठोकतेय. कुणी ओरडलंच नाही."

त्यांनी कप खाली ठेवला.

"मग मीच बंद केलं."