प्रबंधातला ढावलो
नातीनं विद्यापीठातून आणलेल्या जुन्या प्रबंधाला खळीचा वास आला आणि उमरखेडकडच्या आमच्या बंजारा तांड्यावरची एकसष्ट सालची दुपार आठवली. विद्यापीठातून आधी कपाशीवरच्या किडी पाहणारे येऊन गेले, मग आमच्या डोक्यांची मापं घेणारे. हा चष्मेवाला मात्र ढावलो मागत होता, सासरी निघालेली नवरी रडत गाते ते गाणं. “काहून पायजे याले? लग्नाबिगर गायलं तं पोरीले बाधते,” काकी कुजबुजली. माझं लग्न ठरलेलं होतं. आईनं त्याची खळीच्या वासाची वही निरखली आणि गळा काढून आमच्या गोरबोलीत गायलं, ‘चष्मेवाला उंदीर आला, घर पोखरू लागला.’ बायांनी पदर तोंडात कोंबले. त्याला आमची बोली कळत नव्हती; त्यानं भक्तिभावानं उतरवून घेतलं. प्रबंधात तोच उंदीर ‘नवरीचा विलाप’ म्हणून बसलाय. “आजी, याची चाल सांग ना,” नात म्हणाली. मी सांगितली, उंदराचीच. तिचंही लग्न व्हायचंय.