मोडलेल्या बरगड्या, कडक रबर: मिनीतून मलाक्का

‘सिंगापूरहून मलाक्काला जुनी मिनी गाडी नेता येईल का?’ असं एका वाचकाने विचारलंय. नेता येते. नव्वदच्या दशकात मी नेली होती, पण हौसेने नाही.

माझा नवरा मिलिंद तेव्हा मालवाहू बोटीवर सेकंड इंजिनिअर होता. इंजिनरूममधल्या शिडीवरून पडून त्याच्या तीन बरगड्या मोडल्या आणि बोटीने त्याला मलाक्काला उतरवलं. हॉस्पिटल रविवारी सोडणार होतं. बोट कंपनीचा एजंट म्हणाला, पुढच्या आठवड्यात गाडीचं बघू. मग मिलिंदचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

“ये ना तू.”

लग्न झाल्यापासून त्याने मला कुठे बोलावलं नव्हतं. मी सिंगापूरला जुरोंग ईस्टच्या एका ऑफिसात प्रोग्रॅमर होते. आठवडाभर स्क्रीनपुढे बसून डोळे चुरचुरत होते. तरी म्हटलं, येते.

गाडी त्याची लाडकी, माझी नव्हे. साठच्या दशकातलं मॉडेल, दहा इंची चाकं, एसी नाही. काचा खालीवर होत नाहीत, बाजूला सरकतात, त्यामुळे वारा अर्धाच येतो. रेडिएटर समोर नाही, एका कुशीला, चाकाजवळ. थंड देशात चालत असेल, इथे गाडी थांबली की पाणी उकळायला लागतं.

शनिवारी सकाळी निघाले. टाकी पाऊण भरलेली नसेल तर सिंगापूरची गाडी सीमेपलीकडे सोडत नाहीत, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. बुकित पंजांगपर्यंत छान गेले आणि वुडलँड्सच्या सीमानाक्यावर रांगेत अडकले. तापमानाचा काटा चढू लागला. यावर एकच उपाय असतो: हीटर पूर्ण चालू करायचा, म्हणजे इंजिनची उष्णता आत येते. विषुववृत्तापाशी, भर उन्हात, पायांवर गरम वारा घेत मी बसून राहिले. पासपोर्ट बघायला अधिकारी खिडकीशी वाकला आणि दचकून मागे सरला.

“मॅडम, हीटर ऑन आह?”

“यस.”

“सिक, इज इट?”

“नॉट मी. द कार.”

त्याने शिक्का मारून लगेच सोडलं.

पलीकडचा हायवे नवा आणि गुळगुळीत. मिनीचं कौतुक करायचं तर इथे करावं. चारही चाकं चार कोपऱ्यांत, त्यामुळे वळणावर गाडी जमिनीला चिकटल्यासारखी जाते. पण वेग वाढला की आवाज असा, की विचारसुद्धा ऐकू येत नाहीत. वाटेत एका थांब्यावर रोटी चनाय, म्हणजे तिथला पापुद्र्यांचा पराठा, आणि डाळ खाल्ली. दोन्ही गरम आणि चविष्ट. चहा दोनदा घेतला.

हॉस्पिटलात पाहिलं तर मिलिंद वाळला होता. मला पाहून हसायला गेला आणि छाती धरून थांबला. “हसवू नकोस,” म्हणाला. मी एक शब्दही बोलले नव्हते.

रविवारी त्याला गाडीत बसवणं हे खरं काम. सीट इतकी खाली की आधी पाठमोरं टेकायचं, मग पाय आत घ्यायचे. पण एकदा बसल्यावर पाय सरळ पसरता आले. एवढ्याशा गाडीत ही जागा कशी काढलीय, याचं मला तेव्हाही नवल वाटलं. सीटची पाठ मागे कलत नाही, तेही बरगड्यांना सोयीचंच. दाराच्या खोल कप्प्यात औषधं, पाण्याची बाटली, एक्स-रेची गुंडाळी, सगळं मावलं.

सस्पेन्शनचं मात्र काय सांगू! स्प्रिंगऐवजी रबर, आणि तेही कडक. रस्त्यातला प्रत्येक जोड त्याच्या छातीत जात होता. तो डोळे मिटून सूचना देत होता. “थर्डमध्ये टाक. इतक्या उशिरा ब्रेक नको. लेन बदल.”

“तुला चालवायचीय का?” मी शेवटी ओरडले.

 मग पाऊस आला आणि दहा मिनिटांत इंजिन बंद पडलं. मिनीत डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्लगना ठिणगी वाटून देणारा डबा, थेट पुढच्या जाळीमागे असतो. मुसळधार पावसात तो भिजणारच.

गाडी कडेला घेतली. मिलिंद उठायला गेला आणि कळवळला.

“बस तू,” मी म्हटलं.

छत्री धरत बॉनेट उघडलं, डब्याचं झाकण काढून रुमालाने कोरडं केलं. स्वयंपाकघरातला एक रबरी हातमोजा मी बोटांची टोकं कापून गाडीत ठेवला होता. पाच वायरी पाच बोटांतून ओवायच्या आणि तळवा झाकणावर ओढायचा. भिजून आत येऊन किल्ली फिरवली. तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं.

मिलिंद माझ्याकडे बघत होता. “हे तू कधी शिकलीस?”

“तू बोटीवर असतोस तेव्हा इथे पाऊस पडत नाही का?”

ठरवून बोलले नव्हते. थकले होते, निघून गेलं तोंडातून. त्यानंतर सीमेवरचं जोहोर येईपर्यंत एकही सूचना आली नाही.

आमच्या इमारतीत लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. नवव्यावर उतरून दोन मजले जिना उतरायचा. मधल्या पायरीवर त्याला दम लागला, म्हणून दोघं तिथेच बसलो. कुणाच्या तरी घरातून लसूण परतल्याचा वास येत होता.

“पुढची बोट घेत नाही मी,” तो म्हणाला.

“आधी घरी चल,” मी म्हटलं. विश्वास ठेवायचंही त्राण नव्हतं.

पण त्याने खरंच घेतली नाही. तो जुरोंगच्या जहाजदुरुस्ती यार्डात लागला आणि रोज संध्याकाळी घरी यायला लागला. पहिलं वर्ष आम्ही कशाकशावरून भांडलो: पंखा, भांडी, माझा ओव्हरटाइम. बोटीवरचा नवरा पत्रांत जास्त गोड होता, हे मी त्याला सांगितलंही. मिनी पुढे भंगारात गेली. तो यार्डात हळहळत राहिला, मी मनातल्या मनात सुटले.

मलाक्काची लाल घरं, नदी, जुना बाजार यातलं मी काहीच पाहिलं नाही, तेव्हा त्याबद्दल मला विचारू नका. ते बघायचं राहिलंय. मिलिंद म्हणतो, बसने जाऊ.