शनिवारी आलेली माणसं

माझ्या आत्याच्या पायाला भिंगरी आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर खुर्चीला खिळून बसली आणि निवृत्त झाल्यावर त्याचा सूड उगवावा तशी दिवसभर फिरत सुटली. आमच्याकडे राहायला आली त्या पहिल्याच आठवड्यात तिने सगळी कपाटं दोनदा आवरली. शेवटी बाबांनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, हात टेकले. ताई, घराबाहेर काहीतरी शोध, म्हणाले.

तिने एक मंडळ शोधलं. मुक्त सॉफ्टवेअरचा प्रचार करणारं. कुणीही वापरावं, आत डोकावून बदलावं, शेजाऱ्याला द्यावं, असलं सॉफ्टवेअर. दर महिन्याच्या एका रविवारी ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये ही मंडळी बसत. लोकांनी आपले जुने कॉम्प्युटर आणायचे, यांनी ते पुन्हा चालते करून द्यायचे, एक पैसाही न घेता. कल्पना सोन्यासारखी, पण माणूस फिरकत नव्हता. कारण हे सगळं ते इंटरनेटवर जाहीर करत आणि वाचत ते स्वतःच. मग एकमेकांचेच कॉम्प्युटर दुरुस्त करून घरी जात.

आत्याने दोन रविवार हे पाहिलं आणि पेपरांचं काम अंगावर घेतलं. 'आज शहरात' या सदराची उपसंपादक कधी जागेवर असते, किती ओळी छापून येतात, कोणत्या पेपरला मजकूर पाठवल्यावर फोनही करावा लागतो, हे तिला लवकरच पाठ झालं. एक्स्चेंजमधला तिचा तो आवाज पुन्हा लागला. मला आतून बरं वाटायचं. तिलाही वाटत असणार, कारण कपाटं जागच्या जागी राहू लागली.

तेवढ्यात ग्रंथपालांनी निरोप दिला. शनिवारी त्या हॉलमध्ये नाचाचा क्लास चालायचा, त्यांना आता रविवारही हवा होता. या वेळी बाहेरची माणसं आली नाहीत तर हॉल त्यांचा.

आत्याचा जीव टांगणीला लागला. मंडळाने पेपरसाठी निवेदन लिहायला घेतलं, आणि इथेच माशी शिंकली. या लोकांचा धर्मच असा की कुठलीही गोष्ट कधी पूर्ण होत नाही, ती फक्त सुधारते. एकाने मजकूर लिहिला, दुसऱ्याने तो सुधारला, तिसऱ्याने सुधारलेल्यात सुधारणा केली. एक ना धड भाराभर चिंध्या. पहिल्या मजकुरात कुणीतरी घाईत शनिवार लिहिलं होतं, दुसऱ्यात रविवार झालं. आत्याला धीर कुठला? हातात पडेल ते निवेदन ती पेपरला पाठवत राहिली. उपसंपादक बाईंनी पहिलं घेतलं. पुढची तेच तेच पुन्हा येतंय असं समजून उघडलीच नाहीत.

शनिवारी सकाळी बाबांनी चहा घेता घेता ते सदर मोठ्याने वाचलं: जुने कॉम्प्युटर घेऊन या, आज, शनिवारी. आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. चहा तसाच टाकून ती निघाली, मागून मी.

हॉलमध्ये टाळ्या आणि पावलं चालली होती. बाहेर जिन्यात माणसं उभी होती. कॉम्प्युटर उशीच्या अभ्र्यात घालून आणलेली एक शिक्षिका. मोठाला डबा दोघांनी धरून आणलेले बापलेक. एक शिंपी, ज्याला मापं लिहून ठेवायला काहीतरी हवं होतं. आणखीही होते, येतच होते. मंडळात पदं नाहीत, तरी आम्ही ज्याला अध्यक्ष म्हणतो त्याला आत्याने फोन लावला. तो झोपला होता. बाकीचेही. एकेकाजवळ जाऊन तिने माफी मागितली, उद्या नक्की या म्हणून विनवलं. शिंपी म्हणाला, उद्या दुकान उघडं असतं. शिक्षिका अभ्रा छातीशी धरून जिना उतरली. मला रडू येत होतं आणि त्या झोपलेल्या पोरांचा संतापही.

रविवारी मंडळ वेळेआधी हजर. जिन्यात पाऊल वाजलं की आत्या उठून दाराशी जायची. दुपार झाली, कुणी आलं नाही. ग्रंथपाल किल्ली मागायला वर आले. अध्यक्ष वायरी गुंडाळत म्हणाला, "मी म्हणत होतोच. आजकाल पेपर कोण वाचतं?"

आत्या त्याच्याकडे वळली. "वाचतात रे. काल सगळे आले होते. आपण नव्हतो."

हॉल गेला. मंडळाने पुढे काय करायचं यावर चर्चा सुरू केली आणि ती अर्थातच सुधारत राहिली. त्या आठवड्यात दोन कपाटं पुन्हा आवरली गेली. मला धास्ती वाटू लागली.

पुढच्या शनिवारी बाबांनी पेपर उघडला. वाचता वाचता थांबले, चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"ताई, जुने कॉम्प्युटर घेऊन लोकांना बोलावलंय, आज दहा वाजता," ते म्हणाले, "आणि पत्ता आपल्या घराचा आहे."

आत्या स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीपासून ओढत होती. "विचारलं असतं तर तू सुधारणा सुचवली असतीस," ती म्हणाली. "दुसरी बाजू धर."

बाबांनी पेपर ठेवला आणि टेबल धरलं. दहा वाजायला अजून अवकाश होता, तेवढ्यात बेल वाजली.