काखेतला कांदा

माझा स्वभाव संशयी. दूध उतू गेलं तरी मांजराच्या मिशा बघणारी मी. स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली असतील. मी एकोणीस वर्षांची होते. पनवेलजवळच्या आमच्या मिठागरावर मीठ वाहायचा हंगाम सुरू झाला, त्याच सुमाराला भावाची बायको घरात आली.

नव्या नवरीनं पहिले काही महिने नणंदेबरोबर एकाच ताटात जेवायचं, अशी आमच्या घरची रीत. त्यानं माया लागते म्हणत. मला मात्र तिचे घास मोजायची सवय लागली. भाकरीचा तुकडा तोंडात घोळवायची, गिळताना डोळे मिटायची.

"गला दुकतं, बाय," ती म्हणाली.

मग सकाळी झोप, दुपारी झोप. मिठाची पाटी डोक्यावर घ्यायची वेळ आली की हिचे पाय गळायचे. ताप यायचा तोही नेमका संध्याकाळी. काखेत कांदा धरला की अंग तापतं, हे शाळा चुकवणाऱ्या कोणत्या पोराला ठाऊक नाही? ती परसात गेली तशी मी तिची वाकळ झटकली, उशी उसवली. वळून बघते तर ती दारात.

"कांदा कुठं दडवलास?" मी उलट तिलाच विचारलं.

ती खाली बसून उसवलेली उशी गोळा करू लागली. तिची मान दोन्ही बाजूंनी सुजली होती. झोपून झोपून सुजली असेल, असं मी ठरवून टाकलं.

"आये, ही सोंग करतं. हिला काय बी झाला नाय," मी आईला सांगितलं. आईनं ते खरं मानलं, भावानं अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला गव्हाणला माहेरी पोचवलं आणि घरात भावासाठी दुसरी बघायची भाषा सुरू झाली.

महिना उलटला आणि माझा घसा धरला. थुंकी गिळवेना. रोज संध्याकाळी ताप. एकदा मिठागराच्या बांधावर टेकले ती तिथंच झोपले. कानाखाली हात गेला तर सुपारीएवढ्या गाठी लागल्या. आता संशय घ्यायला माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

आई मला पनवेलात डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी घसा पाहिला, डाव्या बरगडीखाली दाबलं.

"गाठींचा ताप आहे. उष्ट्यातून लागतो, दिसायला महिना-दीड महिना घेतो. प्लीहा सुजलीय. ओझं उचलायचं नाही, फुटली तर जीव जाईल. कुणाच्या ताटात जेवत होतीस?"

डोक्यावर पाटी घेऊन लटपटणारी ती मला आठवली. खूप लाज वाटली.

"वयनीच्या," मी आईकडे बघत म्हणाले. "ती खरंच आजारी व्हती, आये. मीच खोटी. तिला आना."

भाऊ त्याच दिवशी गव्हाणला गेला. ती आली, बरी झालेली पण वाळलेली. माझ्या उशाशी बसून तिनं माझ्या गाठींवरून बोटं फिरवली. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण घशातून शब्द फुटेना. तिनं माझी उशी उचलली, खाली नीट पाहिलं आणि परत ठेवली.

"कांदा नाय," ती म्हणाली आणि माझ्यासाठी पेज आणायला आत गेली.